आगगाडीच्या दारातली मुलगी

खेड तालुक्यातील महाळुंगे हे एके काळी चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेकडे डोळे लावून बसणारे शेतकऱ्यांचे गाव होते. आज तेथे शेताचे बांध शोधावे लागतात. २००९ साली याच महाळुंगे-निघोजेच्या शिवारात फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या आगेमागे सुट्या भागांच्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग उभी राहिली. गावातील व बाहेरगावाहून आलेल्या तरुणांच्या तोंडी ‘जर्मन’ हा शब्द आता देशवाचक राहिलेला नाही. नेमकेपणा, टापटीप, वेळेची शिस्त असे त्याचे अर्थ झाले आहेत. यात वावगे काही नाही. परिश्रमी समाजाकडून काम शिकावे, हे शहाणपणाचेच लक्षण होय.

परंतु या कौतुकाला चिकटून दुसरे एक वाक्यही आपल्याकडे वर्षानुवर्षे फिरत आले आहे. बस वेळेवर आली नाही, कचेरीत कागद अडला, परीक्षेत गोंधळ झाला, की कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणते, ‘या देशाला एक हिटलरच हवा.’ हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकू येते, लोकलच्या डब्यात ऐकू येते, आणि खेदाची गोष्ट अशी की शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते. हिटलरचे आत्मचरित्र पदपथावर स्पर्धापरीक्षेच्या मार्गदर्शिकांशेजारी मांडलेले असते, आणि ते जणू व्यवस्थापनशास्त्राचे क्रमिक पुस्तक असावे अशा भावनेने विकतही घेतले जाते. बोलणाऱ्याच्या मनात क्रौर्य नसते, असते ती अव्यवस्थेविषयीची चीड, हे मान्य करावयास हवे. तथापि, ज्या व्यवस्थेची तो कामना करतो ती प्रत्यक्षात कशी दिसत होती, हे त्याने पाहिलेले नसते. ते पाहण्याची सोय आहे. त्या व्यवस्थेनेच आपले चित्र काढून ठेवले आहे.

छावणीची चित्रफीत

हॉलंडच्या ईशान्येस वेस्टरबोर्क नावाची छावणी होती. जर्मनीतून जीव घेऊन पळालेल्या ज्यू निर्वासितांसाठी ती १९३९ साली डच सरकारनेच उभारली होती. १९४० साली हॉलंड जर्मनांच्या टाचेखाली गेला आणि १ जुलै १९४२ पासून तीच छावणी नाझींच्या ताब्यात येऊन ज्यूंना पूर्वेकडे धाडण्याचे ठाणे बनली. निवाऱ्यासाठी बांधलेली कौले आणि कुंपणे तशीच राहिली, फक्त दरवाजाचा अर्थ पालटला. जुलै १९४२ ते सप्टेंबर १९४४ या काळात येथून ऑश्विट्झ, सोबिबोर, बेर्गेन-बेल्सन आणि थेरेझिनश्टाट या छावण्यांकडे नव्वदाहून अधिक गाड्या सुटल्या. हॉलंडमधून सुमारे १ लाख ७ हजार ज्यू नेले गेले. त्यांपैकी परतले ते सुमारे ५ हजार. मराठी वाचकांना आपल्या दैनंदिनीमुळे परिचित असलेली अ‍ॅन फ्रँक ३ सप्टेंबर १९४४ रोजी याच छावणीतून ऑश्विट्झला निघालेल्या अखेरच्या गाडीत होती.

या छावणीचा प्रमुख आल्बर्ट गेमेकर याने १९४४ च्या वसंत ऋतूत आपल्या कारभाराची एक चित्रफीत तयार करविली. चित्रीकरणाचे काम त्याने रूडॉल्फ ब्रेसलाउअर या बंदिवानावर सोपविले. ब्रेसलाउअर हा जर्मनीतून हॉलंडमध्ये आश्रयास आलेला ज्यू छायाचित्रकार. १६ मिलिमीटरच्या फितीवर त्याने छावणीतील शेती, शिवणकाम, विमानांचे भाग सुटे करण्याचा कारखाना, जुन्या विद्युत्घटांतून धातू वेगळा काढणारे कामगार, दवाखाना, अगदी करमणुकीचा कार्यक्रमसुद्धा टिपला. ही छावणी किती उपयुक्त आहे, किती उत्पादन देते, हे वरिष्ठांच्या मनावर ठसवावे आणि ती चालू ठेवावी, असा गेमेकरचा हेतू असावा, असे अभ्यासक मानतात. औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्यास या फितीचा बराचसा भाग ओळखीचा वाटेल. लांबच लांब बाके, खाली वाकलेली डोकी, हातांच्या सराईत हालचाली आणि देखरेख करणारा मुकादम. कोठेही चाबूक नाही, रक्त नाही, प्रेतांचा ढीग नाही.

आणि याच फितीत, बाकीच्या कामाच्या बरोबरीने, एका गाडीचे सुटणे आहे. तारीख १९ मे १९४४. गाठोडी व बॅगा घेतलेली माणसे फलाटावरून चालतात. एका आजारी वृद्धेला हातगाडीवरून आणले जाते. तिच्या बॅगेवर नाव आणि जन्मतारीख रंगविलेली आहे. कोणी निरोपाचा हात हलवितो. मालगाडीच्या डब्यावर आत किती माणसे आहेत तो आकडा खडूने लिहिलेला दिसतो. एका डब्याचा जड दरवाजा लोटताना आतील एक माणूस स्वतःच हात लावून मदत करतो. गणवेशातले अधिकारी समाधानाने उभे आहेत. मग गाडी हलते. पश्चिम युरोपातून ऑश्विट्झकडे निघालेल्या गाडीचे इतके सविस्तर चलच्चित्र दुसरे उपलब्ध नाही. २०१७ साली युनेस्कोने या फितीचा समावेश जगाच्या स्मृतिठेव्यात केला, तो याच कारणाने.

फीत पाहणारा नवखा प्रेक्षक बहुधा गोंधळतो. त्याला भीषण काही पाहावयास मिळेल अशी अपेक्षा असते, आणि दिसते ती एक नीट चाललेली रवानगी. नेमके हेच या फितीचे साक्षीदार म्हणून मोल आहे. जो ‘हिटलर हवा’ म्हणतो त्याला हवी असलेली टापटीप येथे शंभर टक्के आहे. गाडी वेळेवर आहे, नोंदी बिनचूक आहेत, आरडाओरडा नाही. फक्त गाडी कोठे चालली आहे, हे चित्रात नाही.

नाव हरवलेला चेहरा

त्या गाडीच्या दृश्यात जवळून टिपलेला असा जवळजवळ एकच चेहरा आहे. डब्याचा दरवाजा मिटण्यापूर्वी त्या फटीतून एक आठ-दहा वर्षांची मुलगी बाहेर पाहते. तिच्या डोक्याला फडके गुंडाळलेले आहे. ही क्षणभराची प्रतिमा युद्धानंतर असंख्य पुस्तकांवर, भित्तिपत्रकांवर व अनुबोधपटांतून झळकली. सर्व जगाने तिला ज्यूंच्या संहाराचे प्रतीक मानले, तिचे नाव मात्र कोणासही ठाऊक नव्हते. १९९०च्या दशकाच्या आरंभी आद वाखेनार या डच पत्रकाराने तिचा माग काढावयाचे ठरविले. हातगाडीवरील त्या वृद्धेच्या बॅगेवरची अक्षरे वाचून, ती छावणीच्या नोंदींशी ताडून गाडीची तारीख निश्चित झाली. मग डब्याचा क्रमांक, मग त्या डब्यातून गेलेली व जिवंत परतलेली एक स्त्री. १९९४ साली नाव हाती आले, सेटेला श्टाइनबाख.

सेटेला ज्यू नव्हती. ती सिंती होती. युरोपात ज्यांना तुच्छतेने जिप्सी म्हणत, त्या भटक्या समाजातली. डिसेंबर १९३४ मध्ये दक्षिण हॉलंडमधील एका खेड्यात ती जन्मली. मे १९४४ मध्ये झालेल्या धरपकडीत तिचे कुटुंब वेस्टरबोर्कला आणले गेले. तेथे तिचे केस कापून टाकण्यात आले, म्हणून डोक्याला ते फडके. १९ मेच्या गाडीत तिच्यासारखे २४५ सिंती व रोमा होते. ऑगस्ट १९४४ च्या आरंभी ऑश्विट्झमधील ‘जिप्सी छावणी’ एका रात्रीत संपविण्यात आली. सेटेला, तिची आई व भावंडे यांपैकी कोणीही परत आले नाही.

या शोधाने पुरावा दुबळा झाला काय? नाही. तो अधिक बळकट झाला. पन्नास वर्षे एका चित्राखाली चुकीची ओळ छापली जात होती, ती एका चिकाटीच्या माणसाने दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीमुळे एका विस्मृत समाजाचा संहारही जगापुढे आला. चित्र खोटे बोलत नव्हते, पण स्वतःहून काही सांगतही नव्हते. त्याला बोलते केले ते दप्तराने, नोंदवहीने आणि प्रश्न विचारण्याच्या सवयीने. आज संगणकाच्या साह्याने कोणत्याही चेहऱ्याचे कोणतेही चित्र घटकाभरात बनविता येते. अशा काळात ‘हे कोणी घेतले, केव्हा घेतले, कोणासाठी घेतले, याचा मूळ ऐवज कोठे आहे’ हे चार प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती देणे, हे गणिताचे पाढे देण्याइतकेच आवश्यक झाले आहे.

चित्रकर्त्याची कथाही येथेच सांगून टाकावयास हवी. ब्रेसलाउअरने ज्या रुळांवरची गाडी टिपली, त्याच रुळांवरून १९४४ च्या शरदात त्याचीही रवानगी झाली. त्याची पत्नी आणि दोन मुलगे ऑश्विट्झमध्ये मारले गेले. तो स्वतः युद्ध संपलेले पाहू शकला नाही. एक मुलगी तेवढी वाचली. ज्याने चित्रीकरणाचा हुकूम दिला त्या गेमेकरला १९४९ साली दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९५१ सालीच तो सुटला. गाड्या कोठे जात व तेथे काय होई हे आपणास ठाऊक नव्हते, असे तो अखेरपर्यंत म्हणत राहिला.

भाड्याचा हिशेब

या गाड्या कोणी चालविल्या? रेल्वेने. विनामूल्य? मुळीच नाही. राऊल हिलबर्ग या इतिहासकाराने जर्मन रेल्वेचे कागद तपासून हा हिशेब मांडला आहे. माणसे मालाच्या डब्यात कोंबली जात, पण आकारणी तिसऱ्या वर्गाच्या उतारू-भाड्याने होई. दर किलोमीटरला माणशी चार फेनिग. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुले फुकट. चारशेच्या वर माणसे असतील तर सामूहिक सवलत. पहारेकऱ्यांचे भाडे जाण्यायेण्याचे, नेल्या जाणाऱ्यांचे एकेरी. हे दर ठरविणारा, पावती फाडणारा, रिकामी गाडी परत आणण्याचे वेळापत्रक आखणारा कारकून राक्षस नव्हता. तो सकाळी डबा घेऊन कचेरीत जाणारा माणूस होता. त्याच्यापुढे कागद होता आणि कागदावर आकडे होते. सेटेलाचे वय नऊ होते, म्हणजे दरपत्रकाप्रमाणे ती अर्ध्या तिकिटात बसते.

अर्थशास्त्राच्या वर्गात ‘खर्च’ आणि ‘कार्यक्षमता’ हे शब्द निष्पाप समजले जातात. कमीत कमी साधनांत अधिकाधिक फळ मिळविणे म्हणजे कार्यक्षमता. फळ कोणते, हा प्रश्न मात्र व्याख्येच्या बाहेर ठेवला जातो. तो बाहेर ठेवला की काय होते, त्याचे वेस्टरबोर्क हे टोकाचे उदाहरण होय. डच रेल्वेनेही या वाहतुकीचे पैसे घेतले होते. आजच्या मूल्यात ती रक्कम सुमारे २५ लाख युरो होते. तिने २००५ साली जाहीर क्षमा मागितली, आणि ज्यांचे आईवडील या गाड्यांतून गेले अशा एका वृद्धाच्या चिकाटीमुळे २०१९ साली वाचलेल्यांस व वारसांस भरपाई देण्याची योजना केली. गाडी सुटल्यापासून हिशेब पुरा होण्यास पाऊणशे वर्षे लागली. उशीर झाला खरा, पण हिशेब मागणारा माणूस थकला नाही.

महाळुंग्याशी नाते

हे सर्व दूरच्या देशाचे, असे महाळुंग्याच्या वाचकाने म्हणू नये. सेटेलाची गाडी ऑश्विट्झला पोहोचली त्याच दिवसांत तेथे हंगेरीतून गाड्यांमागून गाड्या येत होत्या. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यू हंगेरीतून बाहेर नेण्यात आले, त्यांतील बहुतेक ऑश्विट्झला. त्यांपैकी काही शेकडा माणसांना तेथून कारखान्यातील कामासाठी निवडून नेण्यात आले, आणि ते निवडण्यास आलेल्यांत फोक्सवॅगनचा एक अभियंता होता. युद्धकाळात या कंपनीच्या मुख्य कारखान्यात सुमारे २० हजार माणसांना सक्तीने राबविण्यात आले. त्यांत सुमारे ५ हजार छळछावण्यांतील कैदी होते. लोकांची स्वस्त मोटार म्हणून ज्या कारखान्याची जाहिरात झाली होती, त्यातून युद्धकाळात लष्करी गाड्या आणि उडत्या बॉम्बचे भाग बाहेर पडत होते.

हे येथे कोणास दूषण देण्यासाठी लिहिलेले नाही. किंबहुना, ही माहिती उपलब्ध आहे ती त्या कंपनीनेच दप्तर खुले केले म्हणून. १९८०च्या दशकात तिने हान्स मोम्झेन या नामांकित इतिहासकाराकडे हे संशोधन सोपविले. त्याने मानफ्रेड ग्रीगर यांच्यासह लिहिलेला हजारांवर पृष्ठांचा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. १९९८ साली, न्यायालयीन दावे व लोकमताचा रेटा वाढल्यावर, कंपनीने सक्तीच्या मजुरांसाठी निधी उभारला. १९९९ साली वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातील विमानहल्ल्याच्या जुन्या निवाऱ्यात स्मृतिस्थळ उघडले. जर्मन शिस्तीचे अनुकरण करावयाचे तर या शिस्तीचेही करावे. स्वतःच्या दप्तरातील काळे पान स्वतः वाचणे, ही कोणत्याही जोडणी-साखळीहून अवघड शिस्त आहे.

येथे एक दक्षता घ्यावयास हवी. महाळुंग्यातील कंत्राटी कामगार आणि छावणीतला कैदी यांची बरोबरी करणे हे मृतांवर अन्यायाचे आणि जिवंतांची दिशाभूल करणारे ठरेल. कंत्राटी कामगाराला कायदा आहे, मत आहे, संघटना करण्याचा हक्क आहे. उद्या काम सोडून घरी जाण्याचे स्वातंत्र्य आहे. परंतु माणसाचा उल्लेख संख्येने करण्याची सवय मात्र सर्वत्र सारख्याच शांतपणे सुरू होते. ‘आज किती डोकी आली?’ हा प्रश्न निरुपद्रवी आहे. पण डोक्यांना नावे असतात हे विसरले गेले, की पहिली पायरी उतरली गेली असे समजावे.

आपली ठेव

या विषयाचा उल्लेख निघाला की महाराष्ट्रात अभिमानाने सांगितले जाते की बेने इस्रायली ज्यू येथे शतकानुशतके सुखाने नांदले. ते खरे आहे. कोकणात ते तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले जात, मराठीच बोलत. पुण्याचे लाल देऊळ आजही त्या नात्याची साक्ष देते. १९३४ साली मुंबईत ज्यू निर्वासितांच्या साह्यासाठी संस्था स्थापन झाली. त्याच साली युरोपातून आलेला वॉल्टर कॉफमन हा संगीतज्ञ आकाशवाणीच्या सुपरिचित परिचयधूनचा कर्ता ठरला. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला. तेही मालगाडीच्या डब्यांतून नेले गेलेले होते, फक्त त्यांना स्टालिनच्या राजवटीने सायबेरियाच्या व मध्य आशियाच्या दिशेला धाडले होते.

परंतु पूर्वजांनी दार उघडले होते, एवढ्यावर नातवंडांची जबाबदारी संपत नाही. अभिमान हा ठेवीसारखा असतो. त्यात भर घातली नाही तर तो खाऊन संपतो. ज्या समाजात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, त्याच समाजात त्यांच्या मारेकऱ्याचे पुस्तक यशाचा मंत्र म्हणून विकले जावे, यातील विसंगती कोणास खटकू नये काय?

यावर उपाय बंदीचा नाही. पुस्तकावर बंदी घातली की त्याची किंमत वाढते. उपाय दाखविण्याचा आहे. वेस्टरबोर्कची फीत वर्गात दाखविता येण्याजोगी आहे, कारण तीत भयानक दृश्ये नाहीत. मात्र ती नुसती लावून दिवे मालवू नयेत. हारून फारोकी या दिग्दर्शकाने २००७ साली हीच दृश्ये घेऊन, एकही आवाज न जोडता, केवळ मधल्या ओळींतून प्रश्न विचारीत एक लघुपट केला. त्याची पद्धत शिक्षकांनी उचलावी. चित्र थांबवावे आणि विचारावे, हे कोण घेत आहे? दरवाजा कोण लावीत आहे? खडूचा आकडा कोणी लिहिला? अधिकारी हसतमुख का? याउलट क्लोद लांझमान यांनी १९८५ सालच्या ‘शोआ’ या साडेनऊ तासांच्या चित्रपटात जुनी फीत मुळीच वापरली नाही. केवळ जिवंत माणसांना बोलते केले. दोन्ही मार्गांची तुलना हाच इतिहासाचा उत्तम तास ठरेल.

आणि एक काम घरचे आहे. महाळुंग्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, पुण्यात, १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे आहे. आपल्या मूकपटांपैकी फार थोडे आज शिल्लक आहेत, आणि २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत जुन्या ज्वालाग्राही फितींचा मोठा साठा पुण्यातच भस्मसात झाला. जी फीत जळते तिच्याबरोबर उद्याच्या एखाद्या वाखेनारचा धागाही जळतो. बॅगेवरची पुसट अक्षरे वाचता आली ती फीत कोणीतरी थंड, कोरड्या खोलीत जपली म्हणून. अभिलेखागाराच्या अंदाजपत्रकात काटछाट होते तेव्हा कोणी मोर्चा काढीत नाही, हे लक्षात ठेवावे.

वेस्टरबोर्कच्या छावणीच्या मैदानावर आज १ लाख २ हजार लहान दगड मांडले आहेत. न परतलेल्या प्रत्येकासाठी एक. खडूने लिहिलेला आकडा पावसात पुसला जातो. दगड मोजण्यास वेळ लागतो आणि मोजणाऱ्यास वाकावे लागते. ‘देशाला एक हिटलर हवा’ हे वाक्य पुढच्या वेळी कानावर येईल तेव्हा वाद घालण्याची गरज नाही. दरवाज्याच्या फटीतून पाहणाऱ्या त्या नऊ वर्षांच्या मुलीचे नाव तेवढे सांगावे, आणि ती गाडी अगदी वेळेवर सुटली होती, हेही सांगावे.